कोऱ्या पंखाची तजवीज

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्रेपन्न, धंदा जुन्या कागदांची डागडुजी, सर्वप्रथम या कागदाविरुद्धच तक्रार नोंदवते. वकिलांनी दिलेला हा कागद शाई घटाघटा पितो. जन्मभर दुसऱ्यांची अक्षरं जपली आणि स्वतःची इच्छा लिहायला ही रद्दी वाट्याला आली. बाकी बुद्धी शाबूत आहे, कुणाचा दबाव नाही. दबाव आणून पाहणारा पुढे येतोच.

कलम एक. हे दोन खोल्यांचं घर धाकट्या भावाला, गळक्या नळासकट. नळ दुरुस्त करतो असं तो आई होती तेव्हापासून म्हणतोय. आता स्वतःच्या घराचा तरी करेल.

कलम दोन. शिल्लक रकमेतून माझा अंत्यविधी उरकावा. भाषणं नकोत. उरेल ते त्याच्या बायकोच्या, म्हणजे वहिनीच्या, एकटीच्या खात्यात.

कलम तीन, ज्यासाठी हा खटाटोप. हाताने रंगवलेल्या फुलपाखरांच्या चित्रांचं जुनं पुस्तक. भिजलं म्हणून संग्रहालयाने टाकलं, तसं मला लिहूनही दिलं. मी पान न् पान सुटं करून वाळवलं, पुन्हा शिवलं. त्या काळी छापलेलं चित्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायचं; रंग भरणाऱ्या प्रत्येक बाईकडे एकच रंग. एका पानावर निळा लागलाच नाही. नारिंगी कडा, काळे ठिपके, मधे पंख कोरा.

भावाचं जुन्या वस्तूंचं दुकान आहे. पानं सुटी करून, फ्रेममध्ये घालून एकेक विकायचा त्याचा बेत. म्हणाला, "ताई, तेवढा पंख निळा कर. तुझ्या डाव्या हातचा मळ."

मी सांगितलं, माझे दोन्ही हात स्वच्छ आहेत.

"नको करूस. तुझ्यामागे दुसऱ्या कुणाकडून करून घेईन."

म्हणून हे मृत्युपत्र.

वहिनी तिथेच होती. पान उजेडाला धरून म्हणाली, "निळावाली त्या दिवशी आली नसेल हो. तिचा खाडा आपण कशाला भरून काढायचा?" लग्न होऊन आल्यापासून नवऱ्यासमोर तिला एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

सबब पुस्तक वहिनीचं. विकलं तर अख्खं विकावं. पान काढणं आणि पंख रंगवणं, दोन्ही मना. भावाने हरकत घेतल्यास कलम एक रद्द होऊन घरही वहिनीला जाईल. मग नळाला हात लावायचा तर त्याने तिची परवानगी काढावी.

कलम चार. सुया, चिमटे, दाबयंत्र खालच्या बाइंडरला. रंगपेटी मागेल त्याला. निळी वडी तेवढी मी त्या गळक्या नळाखाली ठेवली आहे, विरघळत आली.

ठिकाण: माझं कामाचं टेबल. तारीख: शिक्क्यावरची.
सही: ताई
साक्षीदार: समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई, कोपऱ्यावरचे घड्याळजी

ता. क. पुस्तक वाळवताना टिपकागद संपला, तेव्हा वहिनीने उशांचे नवेकोरे अभ्रे आणून दिले होते. धुऊन, इस्त्री करून आजच घड्याळजींच्या हाती तिच्याकडे पाठवले. एकावरचा नारिंगी डाग गेला नाही. त्याच्या जोडीला एक नवा अभ्रा ठेवला आहे.