पाय शिस्तीत, वरचं अंग सुट्टीवर

७ जाने., बुध.
आमच्या बँडचा ट्रम्पेटवाला गेला. बंगळुरूला नोकरी. शो पुढच्या शनिवारी, गुरुग्रामला. क्युबन तालावर गोंधळाची चाल बसवायची कल्पना माझी. कोंगा, ढोलकी मीच वाजवते. पण ट्रम्पेटशिवाय ते गाणं म्हणजे... तरन (बँड त्याचा) म्हणाला, "कॅन्सल कर देते हैं यार." म्हटलं, थांब. घरी एक माणूस आहे.

८ जाने.
बाबा. सगळी नोकरी पलटणीच्या बँडमध्ये झाली. रिटायर होऊन दिल्लीत, द्वारकेला आल्यापासून ट्रम्पेट कपाटावर. तिथलं वाजवणं तिथेच संपलं, म्हणतात. आज विचारलं. "नाचगाण्यात?" एवढंच. पण जेवण झाल्यावर स्टुलावर चढून ट्रम्पेटची पेटी खाली काढली.

१० जाने.
रिहर्सल वाईट. सूर लख्ख, पण प्रत्येक ठोक्यावर बरोब्बर, परेडसारखा. इथे तो जरा आधी, जरा नंतर पडायला हवा. तरन: "अंकल, थोड़ा ढीला." बाबांनी ट्रम्पेट पुसलं, पेटीत ठेवलं. मेट्रोने परतलो. आपलं स्टेशन आल्यावर म्हणाले, "ढिलं वाजवायला मला कुणी शिकवलं नाही."

११ जाने., रवि.
गच्चीवर मस्त ऊन. म्हटलं, बाबा, तुम्ही नुसते चाला. लेफ्ट-राइट. मी टाळ्यांनी क्युबन ठेका धरला, पावलांना आडवा जाणारा. अडखळले. चिडले. पुन्हा चालले. मग एकदम थांबून, "अच्छा! म्हणजे पाय शिस्तीत, वरचं अंग सुट्टीवर."
बिल्कुल!!
ट्रम्पेट आणलंच वर. खालच्या आंटी विचारायला आल्या, "किसकी शादी है?"

१७ जाने.
जमलं. जमणारच होतं. मी ढोलकी घुमवली, तिच्यावर बाबांचा सूर, रेंगाळत येणारा, टपकन उतरणारा. खुर्च्या रिकाम्या, सगळे नाचायला. तरनने सोलो संपवायची खूण केली. बाबांनी पाहिली नाही. किंवा पाहिली, कारण माझ्याकडे बघून भुवई उडवली.

२० जाने.
तरनचा फोन. मार्चमध्ये गोव्याला शो, अंकल हवेतच. नेमका त्याच आठवड्यात बाबांच्या जुन्या बँडवाल्यांचा मेळावा, बेळगावला. सगळे मिळून परेडची धून वाजवतात. दरवर्षी एखादा कमी झालेला असतो. म्हटलं, बाबा, तुम्ही मेळाव्याला जा, आम्ही बघू काहीतरी.
"तू नको ठरवू. मी सांगतो."
खोलीत गेले. आता तीच धून ऐकू येतेय, पहिल्यापासून, खणखणीत. फक्त प्रत्येक ओळ किंचित उशिरा सुरू होतेय.