आईच्या नावाने आलेले बोलावणे

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
सायबर शाखा, यवतमाळ.

अर्जदार: सौ. हंसाबाई वामनराव नरवाडे, अंगणवाडी सेविका, रा. फुलसावंगी, ता. महागाव, जि. यवतमाळ.

विषय: अर्जदाराच्या नंबरवरून अर्जदाराच्याच मुलीला बोलावणाऱ्या अज्ञात इसमास शोधणेबाबत.

संदर्भ: मोबाईलवर आलेली लग्नपत्रिका. (लग्न कोणाचे, हे अद्याप समजलेले नाही.)

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही बाई मुळात भित्री नाही. शेतात साप निघाला तर ओरडणाऱ्यांत ती नसते, काठी आणणाऱ्यांत असते. परंतु सध्या कोणाचाही फोन वाजला की ती हातातले काम टाकून अंगणात निघून जाते.

१. अर्जदाराचा मामेभाऊ रजत याच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. रजतचे लग्न होऊन त्याची मुले शाळेत जातात, तेव्हा हे लग्न कोणाचे, असा प्रश्न पडायला हवा होता. पडला नाही. घरी आलेली पत्रिका आधी देवापुढे ठेवायची, तिला कुंकू लावायचे व मगच उघडायची, अशी अर्जदाराच्या सासरची रीत आहे. त्याप्रमाणे फोन देव्हाऱ्यात ठेवून काचेला कुंकवाचे बोट लावले व पत्रिकेवर दाबले. तर ती परवानग्या मागू लागली. मेसेज वाचू का, फोटो पाहू का, नंबर घेऊ का. शुभकार्याच्या निमंत्रणाला नाही म्हणू नये, म्हणून अर्जदाराने प्रत्येक वेळी हो म्हटले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या, त्याही कुंकू लावून. पत्रिका काही उघडली नाही. रेंज नसेल असे समजून अर्जदार कामाला लागली.

२. त्यानंतर अर्जदाराचे व्हॉट्सॲप तिच्या फोनमधून बंद पडले व दुसऱ्याच कोणाच्या हातात सुरू झाले. मुलगी प्रेरणा यवतमाळला वसतिगृहात राहून शिकते. तिला संध्याकाळी आईच्या नंबरवरून मेसेज आला, "बाई, मी यवतमाळले आली. गेटच्या बाहीर उभी हाव. लवकर खाली ये, तुह्यासाठी मुरमुऱ्याचे लाडू आणले."

महोदय, यातला एक शब्द परका नव्हता. अर्जदार मुलीला "बाई" असेच म्हणते, आणि जाताना लाडूही तेच नेते. त्या इसमाने मायलेकींचे जुने बोलणे वाचून आई शिकून घेतली होती.

प्रेरणा पायात चपला अडकवून खाली गेली. अंधार पडत होता. आई दिसेना, म्हणून ती गेटबाहेर रस्त्यापर्यंत गेली आणि तिथून तिने वडिलांना फोन लावला, "बाबा, आई कोठी हाय? मी बाहीर उभी हाव." अर्जदाराचे पती वामनराव तेव्हा जेवायला बसले होते. ते म्हणाले, "तुही माय तं माह्यासमोर भाकर वाढून राह्यली." मग धावण्याचा आवाज आला. अर्जदाराने पतीच्या हातून फोन हिसकावला व तो आवाज ऐकला. गेट लोटल्याचे ऐकू येईपर्यंत आपण जिवंत होतो की नव्हतो, हे तिला सांगता येणार नाही.

रस्त्यापलीकडे एक मोटारसायकल सुरू करून कोणी बसले होते, असे प्रेरणा सांगते. ती कोणाचीही असेल. अर्जदाराला मात्र ती झोपेतही ऐकू येते.

३. एका कार्यालयात (नाव लिहीत नाही, पुन्हा काम पडते) अर्जदारास "पैसे गेले काय?" असे विचारण्यात आले. नाही म्हटल्यावर, "मंग कायची तक्रार, बाई?" असे उत्तर मिळाले. पैसे गेले नाहीत हे खरे आहे. अर्जदाराची हाक गेली आहे, ती आता कोणीही मारू शकतो.

४. सध्या घराची स्थिती अशी की, फोन बंद करून तुरीच्या कोठीत पुरला आहे, तरी कोठीसमोर कोणी मोठ्याने बोलत नाही. वामनराव खुणेने मीठ मागतात. सासूबाई भुरीबाई तिथून जाताना पदर डोक्यावर घेतात, आत परका माणूस आहे म्हणून. परवा खरी पत्रिका घेऊन आलेल्या पाहुण्याला अर्जदाराने अंगणातच उभे ठेवले. लोक हसतात. अर्जदारास हसू येत नाही.

पतीच्या फोनवरून मुलीला लावले तर तिने आवाज ओळखूनही विश्वास ठेवला नाही. आवाजाचीही नक्कल होते, असे त्यांना कॉलेजात सांगितले आहे. "तू आईच हाय कायवरून?" असे पोटच्या पोरीने विचारले. खूण म्हणून लहानपणीचे जे जे सांगावे, ते ते कधी ना कधी फोनवर लिहून झालेले. अर्जदारास राग आला नाही. रडू आले, आणि पोर शहाणी झाली म्हणून बरेही वाटले.

५. म्हणून अर्जदार सकाळच्या एसटीने यवतमाळला गेली, मुलीला जवळ घेतले आणि तिच्या कानात एक शब्द सांगितला. यापुढे तो शब्द सांगेल तीच आई. तो कुठेही लिहिलेला नाही, वामनरावांनाही ठाऊक नाही. झोपेत तोंडातून निघेल या धास्तीने अर्जदार हल्ली स्वयंपाकघरात एकटी झोपते.

तरी विनंती की, सदर इसमास शोधावे व अर्जदाराच्या नावाचे ते व्हॉट्सॲप बंद करावे. फोनमध्ये अंगणवाडीतल्या सगळ्या आयांचे नंबर आहेत, आणि त्यांच्याही थोरल्या लेकी बाहेरगावी शिकतात. फोन तपासासाठी हजर करण्यात येईल. परत नाही दिला तरी चालेल.

अर्जात संपूर्ण तपशील हवा, तो शब्दसुद्धा लिहा, असे अर्जदारास सुचवण्यात आले आहे. आपला पूर्ण मान राखून ती नकार देते. जबाबाच्या वेळीही तो विचारू नये. सरकारवर अविश्वास नाही. पण खालून कोणी बोलावले तर पोरीने उतरायचे की नाही, हे आता त्या एका शब्दावर आहे.

उत्तर टपालाने पाठवावे, फोन करू नये.

आपली नम्र व धास्तावलेली,
(सही)
सौ. हंसाबाई वामनराव नरवाडे
फुलसावंगी, दि. ८ डिसेंबर २०२५

सोबत: प्रेरणास आलेल्या मेसेजची छापील प्रत.