कारणाचा रकाना

ता. ३ जून

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

फोनवर मी तुझं बोलणं तोडते आणि तू माझं, म्हणून हे पत्र. कागदावर तरी मोठ्या बहिणीचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागेल.

तुला सातवी नोकरी लागल्याचं तुझ्या भावोजींकडून कळलं. मला सांगायची छाती झाली नाही ना? छापखाना झाला, रंगाचं दुकान झालं, तिकिटाची खिडकी झाली, लिफ्टवाल्यांकडे तर तू जेमतेम आठ महिने काढलेस. आणि आता म्हणे इस्पितळाच्या तळघरात चाकं दुरुस्त करतोस. चौतिशीचा घोडा झालास, तरी एका जागी बूड ठरत नाही. भिंगरी हे नाव मी तुला तू चार वर्षांचा असताना ठेवलं होतं. ते जन्मभर सार्थ करून दाखवायचं काही बंधन नाही रे.

माझ्याकडे बघ. बावीस वर्षं एकाच कारखान्यात. कापड बेतणारी म्हणून लागले, शाळांचे गणवेश, नर्सांचे अंगरखे, सगळं या हातांनी कापलं, आणि दोन वर्षांपूर्वी देखरेखीवर आले. आता काचेची खोली आहे, फिरती खुर्ची आहे, दारावर पाटी आहे. दिवसभर तक्ते येतात, मी सह्या करते, हाताला खडूसुद्धा लागत नाही. टिकलं की असं होतं. तूही टिक.

बाकी सर्व ठीक. रविवारी संध्याकाळी डोकं दुखतं, ते वयाचं असावं.

कितीही रागावले तरी जीव तुझ्यातच अडकलाय, हे विसरू नकोस.

तुझी,
ताई


ता. ११ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पत्र शेवटपर्यंत वाचलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा फक्त शिव्या मोजल्या. नऊ भरल्या. तब्येत चांगली आहे म्हणायची.

माझी खोली तळघरात आहे. खिडकी नाही, वर एक झरोका आहे, त्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे घोट्यापर्यंतचे पाय दिसतात. भिंतीला टेकून तीसेक मोडक्या चाकांच्या खुर्च्या, स्ट्रेचर, औषधांच्या ढकलगाड्या. माझ्या आधीचा माणूस निवृत्त झाला आणि वर्षभर कुणी इकडे फिरकलंच नाही. चाकं का अडतात माहीत आहे? केसांमुळे. इस्पितळभर गळलेले केस आणि चादरींचे धागे आसाभोवती गुंडाळतात, आणि एक दिवस चाक फिरायचंच थांबतं. मी ते ब्लेडने कापून चिमट्याने उपसतो. परवा एका चाकातून निघालेला गोळा हा एवढा, अंड्याएवढा होता.

काम वाईट नाही. पण तुला खरं सांगतो, सकाळी पाना हातात घेताना बरं वाटतं आणि दुपार झाली की तीच जुनी चुळबुळ सुरू होते. वाटतं, माझं खरं काम कुठेतरी दुसरीकडे माझी वाट बघत बसलंय आणि मी भलत्याच दारात उभा आहे. सातही ठिकाणी असंच वाटलं. दोष दाराचा की माझा, कळत नाही.

एक विचारू? तुझ्या पत्रात खोली आहे, खुर्ची आहे, पाटी आहे. कापड कुठेच नाही. सहज विचारतो.

भावोजींना नमस्कार. माया आहे ती ओरडण्यातूनही पोचते, तेव्हा ओरडत राहा.

तुझा,
भिंगरी


ता. १९ जून

चि. भिंगरीस,

आशीर्वाद.

कापड कुठे आहे म्हणून विचारतोस! कापड खाली आहे आणि मी वर आहे. बढती म्हणतात ती हीच.

काल खाली गेले होते. एक मुलगी चौकटीच्या कापडाचे थर लावत होती आणि चौकटीला चौकट जुळवत नव्हती. तसंच कापलं असतं तर दोनशे मुलांच्या छातीवर रेघा तिरक्या आल्या असत्या. मी कात्री घेतली, दोन टोकं सारखी केली, तोच व्यवस्थापक आले. हळूच बाजूला घेऊन म्हणाले, बाई, हे आता तुमचं काम नाही, मुलींसमोर शोभत नाही. बरोबरच आहे त्यांचं. मी वर आले. मग एका तक्त्यावर सही करायची राहिली आणि दुसऱ्यावर दोनदा झाली.

तू माझी काळजी करायची नाहीस. घरात काळजी करायचं खातं माझ्याकडे आहे, ते मी सोडणार नाही. तू फक्त तिथे वर्ष पूर्ण कर.

रागाने लिहिलंय, पण वाचताना त्यातली माया तेवढी वेचून घे.

ताई


ता. ९ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

आज पहिल्यांदा तुला कामाची गोष्ट सांगावीशी वाटतेय, नोकरी सोडल्याची नव्हे.

चौथ्या मजल्यावर एक बाई आहेत. सत्तरी ओलांडलेल्या. पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या. पायाच्या शस्त्रक्रियेनंतर चाकांच्या खुर्चीवर आल्या. कुठेही निघाल्या की डाव्या भिंतीवर जाऊन आदळायच्या. नर्सा सरळ करून द्यायच्या, की पुन्हा भिंत. बाई चिडायच्या, आरडाओरडा करायच्या. शेवटी सगळ्यांनी ठरवलं की बाईंचं डोकं फिरलंय. मुलाला सांगितलं, यांना घरी एकटं ठेवता येणार नाही, वृद्धाश्रम बघा. कागदपत्रंसुद्धा तयार झाली होती.

खुर्ची माझ्याकडे आली ती करकरते म्हणून. मी तेल घातलं, आणि सहज त्यात बसून चालवून पाहिली. गेलो ना सरळ डाव्या भिंतीवर! उठलो, पुन्हा केलं, पुन्हा भिंत. पुढच्या डाव्या चाकाचा दांडा बोटभर वाकला होता. चांगला धडधाकट माणूससुद्धा ती खुर्ची सरळ नेऊ शकला नसता.

दांडा बदलला आणि खुर्ची घेऊन थेट डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी माझे ग्रीसने माखलेले हात पाहिले. मी म्हणालो, साहेब, दोष खुर्चीचा आहे, बाईंचा नाही, एकदा बघा तरी. बाईंना बसवलं. त्या सगळा व्हरांडा एका रेषेत गेल्या, टोकाला वळल्या, परत आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, की आता माझी माफी कोण मागणार? मग डॉक्टरांनीच मागितली. वृद्धाश्रमाचे कागद मुलाने तिथेच फाडले. मला बाई एवढंच म्हणाल्या, की उजवा ब्रेकही ढिला आहे, तो कधी करणार.

ताई, त्या दिवशी मी बस सोडून घरापर्यंत चालत गेलो. का, ते सांगता येत नाही.

आणि आता हसू नकोस. याच आठवड्यात नव्या खुर्च्या विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला. म्हणाला, तुमच्यासारखा जाणकार आम्हाला हवाय, गावोगाव फिरायला गाडी देतो. झालं, माझे पाय लगेच वळवळायला लागले. काल दुपारभर एकही चाक धड बसवता आलं नाही. तू सांग. या वेळी तू म्हणशील तसंच करीन.

आशीर्वाद नेहमीचाच दे, उत्तर मात्र लवकर.

तुझा,
भिंगरी


ता. २४ जुलै

प्रिय मेहुणेबुवांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राला तुमच्या ताईने उत्तर दिलं नाही, म्हणून हे मी लिहितोय. ती रागावलेली नाही. दुसरंच काही आहे.

गेल्या मंगळवारी तिच्या कारखान्यातल्या कारकुनाचा मला फोन आला. बाईंचा ताप उतरला का, म्हणून विचारत होता. मी उतरतोय म्हणालो. वास्तविक ताप कुणालाच नव्हता. ती रोज वेळेवर डबा घेऊन घरातून निघत होती, आणि सहा दिवस कारखान्यात पोचलीच नव्हती.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करणारा माणूस. आधी पाहावं, मग निष्कर्ष काढावा, हे मुलांना रोज सांगतो. म्हणून बोललो नाही. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तिच्या मागोमाग गेलो. लाज वाटत होती, पण गेलो.

ती शिंप्यांच्या गल्लीत उतरली आणि एका दुकानासमोरच्या बाकावर बसली. आत एक म्हातारा शिंपी कोटाचं कापड बेतत होता. तासभर ती नुसती बघत होती. मग एकदम उठून आत गेली. मला वाटलं, भांडण लागलं. ती त्याला सांगत होती की असं बेतलंत तर वीतभर कापड वाया जाईल. तो वैतागला. खडू तिच्या हातात आपटून म्हणाला, मग तुम्हीच दाखवा. आणि तिने दाखवलं. बाही फिरवून, कॉलर बाहीच्या वळणात बसवून. म्हातारा चष्मा कपाळावर चढवून बघतच राहिला. मेहुणेबुवा, तिचा तो चेहरा मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. मी तसाच मागे फिरलो.

संध्याकाळी तिला म्हणालो, मी पाहिलं. आधी मी शाळा बुडवली म्हणून तिने माझीच खरडपट्टी काढली. मग म्हणाली, जन्मभर लोकांचं बेतलं, आता माझ्याच जिवावर बेतलंय. खाली परत जाऊ द्या असं मागायला तिला लाज वाटते. कारखान्याची नाही, तुमची. म्हणते, दहा वर्षं त्याला टिक टिक करत आले, आता कुठल्या तोंडाने सांगू?

मी बोलून पाहिलं. माझं ऐकत नाही. तुम्ही लिहा. मी कळवलं असं मात्र लिहू नका.

लोभ आहेच, सध्या तो जरा कामाला लावा.

आपला,
भावोजी


ता. २९ जुलै

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

भावोजींनी मला काहीही कळवलेलं नाही. शिंपी म्हातारा आहे हेसुद्धा मला ठाऊक नाही.

ताई, इतकी वर्षं तू मला टिकायला सांगितलंस आणि मी मान खाली घालून ऐकलं, कारण वाटायचं, तू टिकतेस आणि मला जमत नाही. ते खोटं होतं. तू वीस वर्षं टिकली नव्हतीस, रमली होतीस. टिकणं तुला गेली दोन वर्षं करावं लागतंय, आणि बघ, तुलाही ते माझ्याइतकंच जड जातंय.

खाली जा. लोक हसतील. लोकांच्या हसण्यातला मी जुना जाणकार आहे, साधारण पंधरा दिवस पुरतं. मग त्यांना दुसरं कुणी सापडतं.

माझ्या तोंडाकडे बघून लाजू नकोस. तू चुकलीस हे पाहून मला आनंद झाला असं समज हवं तर. थोडा झालाच आहे.

गाडीवाल्याला मी आत्ता नको म्हणून सांगितलं. आत्ता, बरं का. कायमचं बोलण्याची माझी लायकी नाही. दुपारची चुळबुळ अजून आहे. पण चौथ्या मजल्यावर आणखी अकरा खुर्च्या तपासायच्यात, आणि त्यांतली कोणती कुणाला वेडं ठरवतेय कोण जाणे. तेवढं केल्याशिवाय पाय निघत नाही.

तुझ्यावरचा हक्क सांगून लिहितोय, लहान भाऊ म्हणून सोडून दे आणि शहाणा म्हणून ऐक.

तुझा,
भिंगरी


ता. २१ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, कारण आधी करायचं आणि मग लिहायचं असं ठरवलं होतं.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी अर्ज मागायला गेले. कारकुनाने बढतीचा अर्ज काढून दिला. मी म्हटलं, उलटा हवाय. त्याने तीन कपाटं उघडली, तसा अर्जच नव्हता. शेवटी बदलीच्या अर्जावर खाडाखोड करून दिला. त्यात कारणाचा एक रकाना होता, बोटभर रुंदीचा. त्या रकान्यापुढे मी तीन दिवस बसले. पानभर लिहिलं, फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. कारकून बिचारा मदतीला आला. आजारपण लिहा म्हणाला. घरगुती अडचण लिहा म्हणाला. निदान डोळे अधू झालेत एवढं तरी लिहा. मी म्हटलं, अरे, डोळे अधू लिहिलं तर माझ्या हातात कापायचं पातं कोण देईल?

चौथ्या दिवशी लिहिलं, "मला कापड कापायला आवडतं."

तो म्हणाला, बाई, हे काही कारण नाही. मी म्हटलं, माझ्याकडे दुसरं नाही. व्यवस्थापकांनी बोलावलं, दार लावून विचारलं, कुणी त्रास देतंय का? नाही म्हटलं. ही खोली पुन्हा मिळणार नाही, पगार एक पायरी उतरेल, तुम्ही शिकवलेली मुलगी तुमच्यावर येईल, एवढं सगळं त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. मी प्रत्येक बोटाला हो म्हटलं. मग त्यांनी पेन उघडलं आणि सही केली.

सुख लगेच दारात उभं होतं असं समजू नकोस. पहिल्या दिवशी बोटं आखडली होती. पातं सरकलं आणि चाळीस थरांच्या खिशांची पट्टी वाकडी गेली. शिकवलेली मुलगी आली, फूटपट्टी लावली, आणि मान वर न करता म्हणाली, ताई, हे परत करावं लागेल. कान असे तापले म्हणून सांगू! पण बरोबर होतं तिचं, मीच तिला तसं शिकवलंय. परत केलं. काहींनी ठरवूनच टाकलंय की माझ्या हातून घोटाळा झाला म्हणून मला उतरवलं. शेजारची बाई डोळे बारीक करून विचारपूस करते. पंधरा दिवस म्हणाला होतास, आज बारावा आहे, बघू.

रात्री पाठ दुखते. जेवण मात्र जातं. परवा तुझ्या भावोजींनी नेहमीसारखं विचारलं, आज कसं गेलं, आणि मी अस्तराच्या कापडाबद्दल इतका वेळ बोलत राहिले की त्यांचा चहा निवला. तरी उठले नाहीत.

तू जाशील की राहशील, मला माहीत नाही, आणि या खेपेस विचारणारही नाही. अकरा खुर्च्यांचं काय झालं ते मात्र सविस्तर लिही.

आता आटोपतं घेते. उद्या गडद निळ्या कापडाचा नवा गठ्ठा फोडायचाय. त्याला अजून कुणी हात लावलेला नाही, आणि मला सगळ्यांच्या आधी पोचायचंय.

माया पूर्वीइतकीच, उपदेश थोडा कमी. बंद करीन असं वचन देत नाही.

तुझी,
ताई