क्लिओरा आत्याचं मत

हॅरो क्रीक, जॉर्जिया
१८ नोव्हेंबर २०१८

प्रिय लुशस,
अनेक आशीर्वाद.

घरची सगळी मजेत असतील. इकडे अंगणात पिकानच्या बियांचा सडा पडलाय. तुझ्या लेकीसाठी, डॅरियासाठी, सोलून एक डबा वेगळा ठेवलाय. क्लिओरा आत्याच्या पायांची सूज आता उतरली.

सूज कशानं आली, हे तू विचारलंच नाहीस.

आपल्या चर्चच्या हॉलमधलं मतदान केंद्र बंद झाल्यामुळे सगळ्यांना नदीपलीकडच्या कचेरीत जावं लागलं. तिकडे बस नाही. मतदानाच्या दिवशी सकाळपासून चर्चची गाडी घेऊन मीच फेऱ्या मारत होते. आत्याला म्हटलं, टपालानं पाठव मत. तर म्हणाली, "मुळीच नाही. तरुणपणी मतदार यादीत नाव घालायला गेले, तर काळी म्हणून त्याच कचेरीत मला राज्यघटना वाचायला लावली. धडाधड वाचली, तर कारकून म्हणतो, उच्चार चुकला! आता जाईन ती त्याच दारातून."

जांभळी टोपी घालून आली होती. रांग पार रस्त्यापर्यंत. कुणीतरी खुर्ची दिली. रांग सरकली की आम्ही खुर्ची सरकवायचो. दुपारी तिला लघवीला जायचं होतं. पहारेकरी म्हणाला, संडास फक्त कर्मचाऱ्यांसाठी आहे. मी भांडले. पण उशीर झाला, लुशस. तिचा झगा ओला झाला. माझा कोट मी तिच्या मांडीवर टाकला. दार समोर दिसत होतं.

"अर्नी, घरी ने मला," एवढंच म्हणाली.

गाडीत म्हणते, "लुशसला सांगू नकोस हं. पोरगं एकटं आपल्यासाठी भांडलं. त्याला लागेल."

कारण उन्हाळ्यात आमच्याच टेबलावर जेवताना तू सांगितलं होतंस, "ताई, केंद्र बंद करायला निवडणूक मंडळात मी एकटाच विरोधात होतो. त्यांच्यापुढे माझं काय चालणार?" मी ते चर्चमध्ये सांगितलं. लोकांनी उभं राहून तुझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

परवा दुकानात तुमच्या मंडळातली ती गोरी बाई भेटली, हॅडलीबाई. म्हणाली, "अर्नेस्टीन, तो हॉल राहावा म्हणून मी हात वर केला होता. बंद करायचा ठराव तुझ्या भावानं मांडला." मी तिला तोंडावर खोटारडी म्हटलं.

मग तुला फोन केला. तू नाही म्हणशील म्हणून वाट बघत होते. तू म्हणालास, "तुला राजकारण कळत नाही, ताई. ते मला मंडळाचा अध्यक्ष करणार होते. खुर्ची मिळाली की सगळं परत आणलं असतं." मी विचारलं, आत्याला काय सांगू? तू फोन ठेवलास. त्यानंतर उचललाच नाहीस.

काल मीच तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी फसवलं असेल त्याला."

"नाही, आत्या."

जांभळी टोपी खुंटीवरून काढून तिनं झटकली. मग म्हणाली, "मंडळावरच्या त्याच्या जागेसाठी निवडणुकीला तू उभी राहा."

मी राहणार आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तू मला सांगायला हवं होतंस, तसं.

त्या मतदानाच्या दिवशीही गाडी मीच चालवेन. तुझ्या दाराशीही थांबेन. मत हवं त्याला दे. पण यायचं आमच्यासोबत आणि उभं राहायचं त्याच रांगेत, आत्याच्या मागे.

अजून तरी तुझी बहीण,
अर्नेस्टीन