हरभऱ्याची राखण

२२ नोव्हेंबर १९५३

पुन्हा खाल्ला! नाल्याकडची अख्खी पट्टी. काल संध्याकाळी हिरवीगार होती, आज सकाळी नुसते बुडखे उभे. राखणदार बिराप्पा डबडं वाजवून वाजवून थकला. गोफण फिरवली की काळवीट मान वर करून बघतो म्हणे, आणि पुन्हा खाली घालतो. "अक्का, मला वळखायलंय ते आता," म्हणाला. हसायला आलं. पण हसण्यासारखं काही नाही. तूर अळीनं नेली, हरभरा हरणं नेणार. मग आपण काय खायचं?

ह्यांनी पीक राखायच्या बंदुकीचा अर्ज केलाय. सासूबाई दुपारी जेवल्या नाहीत. "लिंग बांधलेल्या घरात बंदूक?" एवढंच म्हणाल्या. मग भिंतीकडं तोंड करून पडल्या.

२ डिसेंबर

बंदूक आली. ठासणीची. आळंदहून बैलगाडीत, कडब्याखाली झाकून आणली! लायसन असून कामून झाकायची? हे म्हणाले, "लोकं बघतेत ना." सासूबाईंनी घरात ठेवू दिली नाही. गोठ्यात आढ्याला टांगलीय.

५ डिसेंबर

ह्यांचा खांदा मोडला. पहिल्याच बाराला. दारू जास्त ठासली होती, दस्ता खांद्याला घट्ट लावला नव्हता. धक्क्यानं मचाणावरून मागच्या मागं खाली. मी बांधावर होते, धावले. हरणं थोडी लांब गेली आणि उभी राहून बघत होती, तमाशा बघावा तशी.

हाड बसवणाऱ्यानं फळ्या बांधल्या. संक्रांतीपर्यंत हात हलवायचा नाही.

बिराप्पाला म्हटलं, आता तू धर. तो दोन पावलं मागं सरला. पाच वर्षांमागं, निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या टायमाला त्याच्या झोपडीत नुसती कुऱ्हाड सापडली होती, तर पाठ फोडून काढलेली. कुणी, ते तो अजून सांगत नाही. "अक्का, डबडं दे, गोफण दे, काठी दे. हे नको."

६ डिसेंबर

मी धरली तर?

९ डिसेंबर

विचारलं शेवटी. हे बाजेवर पडलेले. डावा हात डोळ्यांवर घेतला. मला वाटलं रागावले. मग म्हणाले, "गावात बोभाटा करू नगंस."

डाव्या हातानं दाखवून दाखवून शिकवलं. दारू किती, बोळा कसा, गज कसा ठोकायचा, बार उडवायची टोपी कधी बसवायची. सकाळी रानात जाऊन बांधावर फुटका डेरा ठेवला. दोनदा चुकले. तिसऱ्या बाराला डेरा उडाला! बिराप्पाची बायको बाणूबाई, कडेवर लेकरू घेऊन उभी होती, ती टाळ्या पिटायला लागली. मी तिला गप्प केलं. मनातून मात्र —

असो.

१३ डिसेंबर

मारलं.

पहाटेच मचाणावर जाऊन बसले होते. दव पडलेलं. उजाडताना कळप आला, नाला ओलांडून, एकेक. पुढं माद्या, मागं तो काळा. दस्ता खांद्याला लावायला गेले तर गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी मधे आली. ती पाठीवर टाकली. हे लिहिताना हात थांबला. पण टाकली. लिंग पाठीवर टाकलं आणि नेम धरला.

काळवीट उडी मारून वर गेला, आणि खाली आला तो उठलाच नाही.

आता खरं लिहिते, इथं कोण वाचायलंय? मला आवडलं. मारणं नाही — कसं सांगू? नेम धरला तेव्हा श्वास थांबला, सगळं रान थांबलं, सासूबाई नाहीत, चूल नाही, मोडलेला खांदा नाही. नुसती मी आणि ते. आणि मी ठरवलं तेच झालं. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी ठरवलं तसं कधी काय झालं होतं?

जवळ गेले. डोळे उघडेच. तोंडात हरभऱ्याचा शेंडा, अर्धा चावलेला. नाल्यावर जाऊन अंघोळ केली, थंड पाण्यानं. डबी पुढं घेतली, हातावर धरली, पूजा करावी म्हटलं. मंत्र आठवेना.

१४ डिसेंबर

काळवीट बिराप्पाच्या घरी गेला. आज बाणूबाई अंगणाबाहेर उभी राहून बोलत होती. तिचं तोंड किती दिवसांनी उजळलेलं बघितलं. अंगावरचं दूध आटलं होतं तिचं, लेकरू रडायचं. "अक्का, काल पोटभर खाल्ले सगळे. असंच एकेक पाडत जावा!" म्हणाली. आणि हसत, "तुमच्या हाताला चव हाय."

माझ्या हाताला! जो हात अंड्यालासुद्धा कधी लागला नाही.

सासूबाई माझ्या हातचं पाणी घेईनात. स्वतः उठून, भिंत धरत धरत रांजणाकडं जातात. हरणाला त्या कानडीत चिगरी म्हणतात. "चिगरी कुणाचं काय नेती?" म्हणाल्या. अहो, हरभरा नेती! मनातच म्हटलं.

तुरीवरची अळी मी बोटांनी चिरडायची, पाटीभर. तेव्हा कुणी जेवण सोडलं नाही. माझासुद्धा हात थांबला नाही. अळीच्या डोळ्यात आपण दिसत नाही, म्हणून?

१९ डिसेंबर

गुरुपादय्या आले होते, मठाचे. पाय धुतले, जेवू घातलं. सासूबाईंनी लगेच माझं गाऱ्हाणं घातलं. मी खाली मान घालून उभी. मलाही ऐकायचंच होतं, कुणीतरी मोठ्या माणसानं एकदा काय ते सांगावं. पाप म्हणा, नाही म्हणा, पण सांगा.

अय्या बराच वेळ दयेवर बोलले. छान बोलले. सासूबाईंनी डोळे पुसले. मग निघताना दारात मला हळूच म्हणाले, "नीलम्मा, मठाच्या रानातबी चिगरी लई माजल्यात. येत्या सोमवारी — न्हाई, सोमवार नको. मंगळवारी एकदा येऊन जा की."

२३ डिसेंबर

काल मठाच्या रानात एक मारलं. अय्यांनी लांबून नमस्कार केला. मला की बंदुकीला, कळलं नाही.

२९ डिसेंबर

गावभर झालंच. ज्याच्या त्याच्या रानातून सांगावा. "नीलक्का, आमच्याकडं या." ह्यांना पहिल्यांदा लाज वाटली, आता बाजेवर बसून येईल त्याला सांगतात, "चुकत न्हाई तिचा नेम!"

आमच्या बांधाच्या अलीकडं आता एक खूर पडत नाही. गेले चार दिवस हरभऱ्याचं पान हललं नाही. तरी मी पहाटे मचाणावर जातेच. कामून?

५ जानेवारी १९५४, येळवस

मार्गशीर्षाची येळ अमावस्या, सगळं गाव आज रानात. कडब्याची खोप केली, पाच दगडांच्या पांडवांना चुना लावला, आंबील, भज्जी, तिळाची पोळी. सासूबाईसुद्धा गाडीत बसून आल्या. काळ्या आईची पूजा झाल्यावर माझ्या हातची आंबील घेतली त्यांनी! तीन आठवड्यांनी. आपणहून वाटी पुढं केली.

तेवढ्यात जीप आली. सडकेचं कंत्राट घेतलेल्या गुत्तेदाराचे पाव्हणे, शहरातले, टोप्या घातलेले. येळवसला आलेल्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत, त्यांनाही बसवलं. आंबील आवडली त्यांना. हे बोलून गेले, "हरणं पाडणारी आमची हीच बघा." त्यातला एक जाडा हसला, उभा राहून सलाम केला मला. "वाह, बाई! और हिरन किधर मिलेंगे?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी पदर सावरला आणि हात लांब करून दाखवलं. गायरानाच्या पलीकडं, बाभळीच्या खोलगटात, दुपारी तिथं बसतात. महिनाभर मचाणावरून बघून बघून मला त्यांचं सगळं ठाऊक झालं होतं.

बिराप्पा जेवता जेवता थांबला. मी बघितलं ते. तेव्हा कळलं नाही.

६ जानेवारी

दुपारपासून बार. मोजायचे सोडून दिले. जीप गायरानात गोल गोल फिरत होती, धुरळा इथून दिसत होता. हरणं पळतात तिकडं ही वळते. कुणाचं शेत खायला आली नव्हती ती. बसली होती!

सासूबाईंनी कानावर पदर घेतला. माझ्याकडं बघितलं नाही. बघायला हवं होतं.

७ जानेवारी

सकाळी बिराप्पा आला. "अक्का, बंदूक घ्या अन् चला."

गायरानात गिधाडं बसलेली. शिंगाचे तेवढे नेलेत, माद्या तशाच टाकलेल्या. बाणूबाई एका पाडसाजवळ उभी होती. मला वाटलं मटणाला आली. ती रडत होती. "इतकं कोण खानार व्हं, अक्का?"

खोलगटात एक मादी जिवंत. मागचे दोन्ही पाय गेलेले, पुढच्या पायांवर उठायचं बघायली. किती वेळ उठायचं बघत होती कुणास ठाऊक. रात्रभर? बिराप्पानं तोंड फिरवलं.

दारू ठासली. टोपी दोनदा खाली पडली. नेम धरायची गरज नव्हती, इतकी जवळ होती ती. डबी आज मागं टाकली नाही. दस्ता डबीवरच दाबला. छातीवर गोल वळ उठलाय.

आज आवडलं नाही. आणि आजचंच एक मारणं असं होतं की न मारता परत आले असते तर वाईट झालं असतं. ह्याचं काय करायचं? काळवीट मारला तेव्हा पोटासाठी मारलं म्हणून गोड वाटलं, की मला मारता येतं म्हणून? मी बोट दाखवलं ते कुठल्या पोटासाठी?

८ जानेवारी

बंदूक गोठ्यात टांगली. परत काढणार नाही, ह्यांना सांगितलं. "आता मारायला राहिलंय काय?" म्हणाले.

२१ फेब्रुवारी

हरभरा निघाला. इतका कधी झाला नव्हता. ह्यांचा उजवा हात अजून वर जात नाही, खळ्यावर डाव्या हातानंच रास ओढत होते, गाणं म्हणत. अंगणात ढीग बघून सासूबाईंनीसुद्धा हात जोडले. मी घाटे सोलून एक तोंडात टाकला. गोड होता. वाईट लागेल असं वाटलं होतं.

१४ नोव्हेंबर १९५४

किती महिन्यांनी लिहायलेय. सासूबाई श्रावणात गेल्या. शेवटी माझ्याच हातचं पाणी घेतलं.

यंदाही हरभरा नामी. आणि रान कसं गप्प! उजाडताना नाल्याकडं बघायची सवय जात नाही. काहीच येत नाही.

१९ नोव्हेंबर

आज जेवताना हे म्हणाले, "बिराप्पाला यंदा कशाला ठेवायचं? खायाला कोण येत न्हाई, तर राखण कशाची?" वाईट मनानं नाही म्हणाले. खरंच आहे ते. शेजारच्या रानातले राखणदारही काढलेत सगळे.

ह्यांनी बिराप्पाला सांगितलं तर त्यानं मान हलवली. "व्हय, सोमण्णा. बराबर हाय." सोलापूरला जातो म्हणाला, गिरणीत कोण घेतलं तर. बाणूबाईला पुन्हा दिवस गेलेत. ती लगेच झोपडीतलं सामान बांधायला लागली.

मला हरणं खाताना दिसायची. त्यांच्या खाण्यावर बिराप्पाचं घर जगतं, हे कधी दिसलंच नाही.

२१ नोव्हेंबर

पहाटे एकटी रानात गेले आणि खालच्या अंगाची पट्टी ओरबाडली. दोन्ही हातांनी, वाकून वाकून, शेंडे तेवढे, खातात तसे. पानांवरच्या आंबट-खारट आंबेनं बोटं चरचरायलेत, धड लिहवत नाही. ह्यांनी सकाळी बघितलं, ओरडतच आले: "आली बघ परत! बिराप्पाला थांबीव आधी!"

बिराप्पा येऊन पट्टी बघून गेला. मातीत एक खूर नाही. माझ्या हातांकडं बघितलं त्यानं. मग झोपडीकडं तोंड करून म्हणाला, "बाणू, बोचकं सोड."