दोन व्याह्यांच्या चार भुवया

तीर्थस्वरूप वन्संना,

भावजयीचा वाकून नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, पुढचं वाचून तुम्हीच काय ते ठरवा. फोनवर सांगितलं असतं, पण मी फोन उचलला की तुमचे बंधुराज समोर येऊन बसतात आणि माझ्या प्रत्येक वाक्याला ‘तसं काही नव्हतं’ असं शेपूट जोडतात. म्हणून हा कागद.

आपल्या ठकीचं जमत आलंय हे तुम्हाला माहीतच आहे. परवाच्या रविवारी दुपारी मुलाचे आईवडील पहिल्यांदाच आपल्याकडे जेवायला यायचे होते. व्याही (म्हणजे होऊ घातलेले) दातांचे डॉक्टर, भारी बोलका माणूस. विहीणबाई मात्र शाळेत गणित शिकवतात, आणि त्यांनी नुसतं बघितलं तरी मला आपला पदर नीट आहे ना हे तपासावंसं वाटतं. मी म्हटलं, घरात साधा, नीटनेटका स्वयंपाक करते. पण ह्यांनी कुठेतरी ते गॅसवरचं ग्रिल पाहिलं होतं, घडीचे पाय, वर घुमटासारखं झाकण, खाली सिलिंडर. पाहुण्यांसमोर अंगणात उभं राहून आपण चिमट्याने कणसं उलटतोय असं चित्र एकदा ह्यांच्या डोळ्यांपुढे आलं ते आलंच. ज्या माणसाने लग्नापासून आजवर स्वतःचा चहा केला नाही (तुम्ही लाडावून ठेवलंत, मी काही बोलत नाही), तो माणूस आठवडाभर मसाल्यांच्या गोष्टी करत होता.

ग्रिल घरी आलं, मग त्याचा सिलिंडर आणायला आम्ही दोघं गेलो. दुकानदाराने बजावलं की तो उभाच न्यायचा, पट्ट्याने बांधायचा, गाडीच्या काचा उघड्या ठेवायच्या. हे ‘हो हो, माहितीये’ म्हणाले आणि त्याला डिकीत आडवा झोपवला. पहिल्याच वळणाला मागून जो गडगडाट झाला, तो ऐकून मी माझे सगळे देव एका दमात आठवले. दुसऱ्या वळणाला मी गाडी थांबवायला लावली. शेवटी सिलिंडर मागच्या सीटवर पट्टा लावून ताठ बसला, मी त्याच्या शेजारी बसले आणि घर येईपर्यंत त्याला कवटाळून होते. रस्त्यात ठकीची मैत्रीण दिसली, तिने हात केला. मला हात सोडवेना, मी नुसती मान हलवली. आता ती गावभर काय सांगत असेल कोण जाणे.

घरी आल्यावर ह्यांनी तो थेट स्वयंपाकघरात, माझ्या पेटत्या शेगडीच्या शेजारी आणून ठेवला. का, तर बाहेर ऊन आहे, तापेल बिचारा! मी त्याला तिथून अंगणात काढला, भिंतीपासून लांब, सावलीत सपाट जागा बघून ठेवला. मग सुरू झाली जोडणी. वन्सं, त्या नळीची चाकी उलटी फिरते. आपण जिकडे फिरवून घट्ट करतो, तिकडे ती सैल होते. हे म्हणजे तुमच्या भावासारखंच झालं, जितकं समजवावं तितकं विरुद्ध. हे घामाघूम होऊन पिळत होते आणि चाकी हसत हसत बाहेर येत होती. शेवटी मी ह्यांना चहा घ्यायला आत बोलावलं आणि चहा पिऊन आल्यावर ह्यांनी रागाने ती उलटी फिरवली, तर ती मुकाट बसली. ‘झालं!’ म्हणून ह्यांनी हात झटकले.

मी म्हटलं, थांबा, आधी साबणाचं पाणी लावू. ह्यांना तो अपमान वाटला. म्हणे, काडी ओढून पाहिली की लगेच कळतं. मी काडेपेटी हिसकावून कमरेला खोचली आणि ह्यांच्याच दाढीच्या ब्रशने सांध्याला फेस फासला. सिलिंडरची तोटी जराशी उघडली मात्र, मटाराएवढे बुडबुडे टपाटप फुगायला लागले! तोटी बंद केली, चाकी सोडली, बघते तर आतली रबरी चकती गायब. ती पिशवीत पडून होती. ह्यांना वाटलं होतं, दुकानदाराने एक जास्तीची दिली. चकती घातली, पुन्हा फेस फासला, एकही बुडबुडा नाही. त्या क्षणी मला जे वाटलं ते तुम्हाला कसं सांगू, ठकी दहावीला पास झाली तेव्हासुद्धा एवढं वाटलं नव्हतं.

रविवारी पाहुणे आले. सरबत झालं, आणि हे व्याह्यांना घेऊन अंगणात गेले. मागून मी आणि विहीणबाई भाज्यांची ताटं घेऊन निघालो. ह्यांनी तोटी उघडली, ग्रिलचं बटण फिरवलं आणि व्याह्यांना उलट्या चाकीची हकिगत सांगायला सुरुवात केली. व्याह्यांनाही त्यात भलताच रस. दोघं ग्रिलवर ओणवे झालेले. खाली गॅस चालू, वर झाकण बंद, आत तो साचतोय याची दोघांनाही दाद नाही. मी दारातूनच ओरडले, ‘अहो, झाकण!’ आणि त्याच वेळी ह्यांनी ठिणगीची कळ दाबली.

भप्प! एवढाच आवाज झाला. झाकण उडून जास्वंदीत पडलं. मी ताट टाकून धावले आणि आधी सिलिंडरची तोटी बंद केली, मगच वर पाहिलं. खरं सांगते, वर पाहायची हिंमत होत नव्हती. दोघंही उभे होते. डोळे शाबूत, कातडी शाबूत, जरा लालसर. पण चारही भुवया गेल्या होत्या आणि जळक्या केसांचा वास सुटला होता. दोघं एकमेकांकडे असे बघत होते, जणू आरशात बघतायत.

अंगणात कुणी हलेना. ठकी पांढरीफटक. मी मनात म्हटलं, संपलं, मोडलं लग्न. विहीणबाई पुढे आल्या. त्यांनी नवऱ्याचा चेहरा हनुवटीला धरून उजेडाकडे वळवला, डोळे तपासले, मग ह्यांचेही तपासले. आणि वन्सं, त्या बाई हसायला लागल्या. हसता हसता खाली पायरीवर बसल्या, डोळ्यांतून पाणी. म्हणाल्या, ‘लग्नाच्या फोटोत मुलाकडचे कोण आणि मुलीकडचे कोण, कुणाला ओळखू येणार नाही!’ म्हणजे लग्न ठरलं ना? मी रडलेच.

मग थंड पाण्याच्या पट्ट्या झाल्या, गॅस पुरता उडून जाईपर्यंत थांबलो, सगळे सांधे पुन्हा पाहिले. झाकण बाजूला ठेवून मीच ग्रिल पेटवलं. कणसं, कांदे, कोंबडी, सगळं उत्तम झालं. व्याह्यांनी तीनदा वाढून घेतलं.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कमरेला जपा.

तुमची,
भावजय

ता. क. : मुख्य काम लिहायचं राहिलंच. ग्रिलचा मला नाद लागलाय. पण हे मला हात लावू देत नाहीत, म्हणतात, अनुभव मला आहे. तुम्ही थोरली बहीण म्हणून फोनवर चांगलं खडसावा आणि ते माझ्या ताब्यात द्यायला लावा. भुवयांचा विषय तुम्ही आपणहून काढू नका, फार लागतं त्यांना.

आणखी एक : ताई, पत्र पेटीत टाकायला हिने माझ्याकडेच दिलं. पाकीट उघडंच होतं. ग्रिल तिचंच, आजच सांगतो. त्या दिवशी धूळ बसू नये म्हणून झाकण लावून कोण आत गेलं होतं, हे मी पाहिलं होतं, पण पेटवताना साफ विसरलो. तिला ते आठवत नाहीये, तूही आठवण करून देऊ नकोस. भुवया येतील परत.