इंजिनाच्या पाटीवरचे नाव

मी, भीमाशंकर अण्णाराव हत्तरगे, वय अठ्ठ्याहत्तर, रेल्वेच्या छोट्या लाईनीचा निवृत्त फायरमन, राहणार लातूर, हा कागद स्वखुशीने आणि शुद्धीत लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला शेजारच्या डॉ. बुद्धप्रिया यांनी दिला. त्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. एकोणऐंशीपर्यंत मी पोचलो, पुढे त्यांनाच कंटाळा आला.

यापूर्वीची तीन मृत्युपत्रे मी पत्नी चतुराबाईशी भांडण झाल्यावर केली होती. तिन्ही तिने वाचून चुलीत घातली. ती रद्द समजावीत.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव चतुराबाईची. तिच्यानंतर मुलगा सर्वेश याची. लातूरला रेल्वेने पाणी आले त्या वर्षी मी टाकीच्या वॅगनींना हार घालायला स्टेशनवर गेलो आणि इकडे आमच्या गल्लीतल्या टँकरची पाळी चुकली. तीन दिवस घरात प्यायला पाणी नव्हते. या बाईने तरी मला घरात घेतले, तेव्हा घर तिचेच आहे.

२. माझी हत्यारे, म्हणजे पाने, हातोड्या, तेलाची कुपी आणि कोळशाचे फावडे, नात सुकन्या हिला द्यावीत. ती नांदेडला पॉलिटेक्निकला आहे. सर्वेशला यातले काही देऊ नये. त्याने माझ्या चोवीस नंबरच्या पान्याने नारळ फोडला होता.

३. छोटी लाईन जतन मंडळाच्या अध्यक्षपदाचा मी मरणाच्या तारखेपासून राजीनामा देतो. मंडळाकडे सातशे सोळा नंबरचे वाफेचे इंजिन, दोन मालडबे, एक गार्डाचा डबा आणि दोनशे मीटर रूळ आहेत. इंजिनाच्या बॉयलरला भोके आहेत. त्यामुळे दर सव्वीस जानेवारीला मागून ट्रॅक्टर ढकलतो, शिट्टी पंक्चरवाल्याच्या हवेच्या टाकीवर वाजते आणि मी टोपी घालून डायव्हरच्या जागी बसतो, चेहरा असा गंभीर करून की जणू पुढे घाट आहे. एका वर्षी डिझेल संपून ट्रॅक्टर थांबला, तरी मी सवयीने ब्रेक ओढला होता.

४. आता मुख्य मुद्दा. त्या इंजिनाजवळ पाटी आहे: ‘अखेरचे चालक श्री. भीमाशंकर हत्तरगे’. मी चालक नव्हतो. बावीस वर्षे मी कोळसा टाकला. चालक साहेबराव कपाटे होता. अकरा वर्षांपूर्वी इंजिन इथे आणून उभे केले, तेव्हा मी आत बसून पितळ घासत होतो. एका वार्ताहराने विचारले, "शेवटच्या फेरीत गाडी तुमच्याच हातात होती ना?" मी मान हलवली. का हलवली, ते इथे लिहिणार नाही, कारण त्यात दुसऱ्याच्या नोकरीचा प्रश्न होता. पण त्या बातमीवरून पाटी रंगवली गेली आणि ‘नाव चुकले’ एवढे दोन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. पहिल्याच सव्वीस जानेवारीला साहेबराव अर्धापूरहून पत्नी सरजाबाईला घेऊन, केळीचा घड खांद्यावर टाकून आला. पाटी वाचली, घड इंजिनाच्या पायरीवर ठेवला आणि आल्या पावली परत गेला. ती केळी मंडळाने खाल्ली. मीही तीन खाल्ली. तेव्हापासून आमचे बोलणे नाही. त्याने मला पूर्वी ‘कोळशाचा हमाल’ म्हटले होते, हे निमित्त मी अकरा वर्षे पुरवून वापरले.

तरी माझ्या पश्चात पाटीवर साहेबरावाचे नाव घालावे आणि माझे पुसावे.

५. इंजिनाच्या तोंडावर एक पितळी सूर्य होता. तेव्हा एका डायव्हरकडे एकच इंजिन असे आणि जो तो आपले इंजिन नवरीसारखे सजवी. सरजाबाईंनी माहेरचा तांब्या मोडून हा सूर्य करवून घेतला होता. इंजिन भंगाराच्या रांगेत गेले तेव्हा मी तो काढून आणला. साहेबरावाला देण्यासाठीच आणला. गेली पस्तीस वर्षे, आधी आळसाने आणि मग अबोल्याने, तो आमच्या देवघरामागे आहे.

माझा बेत असा होता, की सूर्य मृत्युपत्राने साहेबरावाला द्यावा आणि साक्षीची सही त्याचीच घ्यावी. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे वकील प्रमोदिनीबाई म्हणाल्या. म्हणजे सूर्य जिवंतपणी, समोरासमोर द्यावा लागणार. मेल्यावर माफी मागण्याची माझी सोय कायद्याने अशी हाणून पाडली. काल फोन केला.

"भीमा बोलतो."

"कोण भीमा?"

"कोळशाचा हमाल."

मग म्हणाला, "बोल की मग."

आज तो पहिल्या बसने आला. हे लिहिताना समोरच बसला आहे. सूर्य त्याच्या हातात दिला. "सरजा असायला पायजे होती," एवढेच म्हणाला आणि धोतराने पुसत बसला. सरजाबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, हे मला आज कळले. मी माफी मागितली. मला फार लाज वाटली आणि ती वाटायलाच हवी होती.

६. अंमलबजावणी सुकन्येने करावी. सर्वेशने नुसता चहा सांगावा.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, चतुराबाईनेही पाहिला. तिने या खेपेस चूल पेटवलेली नाही.

लातूर, ११ जानेवारी २०२५
भीमाशंकर अण्णाराव हत्तरगे (सही)

साक्षीदार:
१. डॉ. बुद्धप्रिया (सही)
२. साहेबराव हणमंतराव कपाटे, मु. अर्धापूर, जि. नांदेड (सही)

साक्षीदार क्रमांक दोनने वकीलबाई नको म्हणत असताना खाली स्वतः लिहिले ते:

शेवटच्या फेरीला हरंगूळपासून लातूरपर्यंत गाडी भीमाच्याच हातात होती. मला लई रडू येऊन राहिलं होतं, पुढचा सिग्नल दिसंना. फायरमनला गाडी दिली हे कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती, म्हणून यानं कुणाला सांगितलं न्हाई. आन् मी रडलो हे मीबी कुणाला सांगितलं न्हाई. पाटीवर दोघांचीबी नावं टाका. हा मरायची वाट बघू नका, उद्याच टाका, मी मुक्कामाला हाय. सव्वीस तारखेला डायवरच्या जागी मी बसणार. भीमा, तू कोळसा टाक. कोळसा नसला तरी टाक.